'पाकिझा'ची दुसरी तबकडी

संगीतकार गुलाम मोहम्मद 17 मार्च 1968 रोजी वारले, तेव्हा 'पाकिझा'ची त्यांनी बांधलेली गाणी तयार होती आणि चित्रपट अर्धवट पडून होता. तो लागला 1972 च्या फेब्रुवारीत. मुंबईत मराठा मंदिरात त्याचा थाटात शुभारंभ झाला आणि दोन महिने पुरे व्हायच्या आत, 31 मार्चला, मीनाकुमारी गेल्या. तेव्हापासून 'पाकिझा'विषयी लिहायचं म्हणजे मीनाकुमारींच्या शोकांतिकेविषयी लिहायचं, असा जणू प्रघातच पडला. या लेखाचा विषय मात्र त्यातली गाणी आहेत. चित्रपटात आली ती तर आहेतच, पण राहून गेली ती अधिक.

गुलाम मोहम्मद मूळचे बिकानेरचे. घराणं तबलावादकांचं, आणि ते स्वतः तबला, पखवाज, ढोलक या वाद्यांत मुरलेले. नौशाद यांचे साहाय्यक म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. त्या काळातल्या नौशादांच्या गाण्यांतला ढोलकीचा ठसका कानात बसला असेल, तर त्यामागे कोणाचा हात होता हे लक्षात ठेवायला हवं. स्वतंत्र संगीतकार म्हणून त्यांची मोठी कामगिरी 1954 च्या 'मिर्झा गालिब'मधली. सोहराब मोदींच्या या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं आणि सुरैयांनी त्यात गायलेल्या गालिबच्या गझला आजही ऐकल्या जातात. एवढं होऊनही त्यांच्याकडे कामाचा ओघ कधी लागला नाही.

दिग्दर्शक कमाल अमरोहींनी 'पाकिझा'ची जुळवाजुळव पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू केली. चित्रण आधी कृष्णधवल होतं, मग रंगीत झालं, मग सिनेमास्कोपची टूम आली तेव्हा तेही घेतलं गेलं. 1964 मध्ये अमरोही आणि मीनाकुमारी वेगळे झाले आणि काम थांबलं. छायालेखक जोसेफ विर्शिंग 1967 मध्ये वारले, पाठोपाठ संगीतकारही गेले. पुढे चित्रण पुन्हा सुरू होऊन चित्रपट पडद्यावर यायला 1972 उजाडलं. मधल्या काळात हिंदी चित्रपटाचा कान पार बदलला होता. 'कारवाँ' आणि 'हरे रामा हरे कृष्णा' दोन्ही 1971 चे, म्हणजे राहुल देव बर्मन यांच्या गिटारचा आणि ड्रमचा जमाना. संगीत नव्या चवीचं करून घ्या, असा सल्ला अमरोहींना दिला गेला आणि दिवंगत संगीतकाराचं काम बदलायला त्यांनी नकार दिला, असं सांगितलं जातं. गाणी बदलली नाहीत, हे तर आपण कानांनी ऐकतोच.

चित्रपटात ठळकपणे येणारी गाणी सहा, आणि ती लिहिणारे चार. 'इन्हीं लोगों ने' आणि 'ठाडे रहियो' मजरूह सुलतानपुरींची, 'चलते चलते' कैफी आझमींचं, 'चलो दिलदार चलो' आणि 'तीर-ए-नजर' कैफ भोपालींची आणि 'मौसम है आशिकाना' खुद्द अमरोहींचं. चार लेखण्या असूनही सगळी गाणी एकाच घरातून आल्यासारखी वाटतात, हे श्रेय चालींचं.

यातल्या 'ठाडे रहियो'पाशी मला थांबावंसं वाटतं. ही चाल मांड रागाची. मांड मूळचा राजस्थानच्या मातीतला. तिथल्या दरबारी आणि लोकगायकांनी तो गळ्यांत जपला. बिकानेरच्याच अल्लाह जिलाई बाई मांडच्या थोर गायिका. लखनौ-दिल्लीच्या तवायफांच्या कोठ्यावरचं गाणं बांधताना गुलाम मोहम्मद यांना आपल्या गावचा राग आठवला. संथ, ओढून धरलेल्या सुरुवातीनंतर लय चढते आणि तबला-घुंगरांची जी झटापट सुरू होते, ती हातात तबला घेऊन वाढलेल्या माणसालाच सुचावी. लय वाढली तरी लता मंगेशकरांचा शब्द कुठे घाईत सापडत नाही.

'चलते चलते'च्या शेवटी आगगाडीची शिटी ऐकू येते. नृत्य चालू असताना ती वाजते आणि नायिका थबकते, कारण एक अनोळखी माणूस तिच्या आयुष्यात गाडीतच आलेला असतो. ही शिटी तबकडीवरही आहे. नुसतं गाणं ऐकणाऱ्यापर्यंतही कथेचा धागा पोचावा, एवढा विचार त्या मुद्रणात झालेला दिसतो.

'इन्हीं लोगों ने'चा मुखडा चित्रपटाहून जुना. 1941 च्या 'हिम्मत'मध्ये तो शमशाद बेगम यांनी गायला होता. गुलाम मोहम्मद यांनी तो लताबाईंच्या गळ्यात घातला आणि आता तो मीनाकुमारींच्या हातवाऱ्यांशिवाय आठवतच नाही.

पार्श्वसंगीताचं काम नौशाद यांनी पुरं केलं. साहाय्यकाची अपुरी कामगिरी गुरुस्थानी असलेल्या माणसाने हाती घ्यावी, ही गोष्ट हृदयाला भिडते. नौशाद यांनी चित्रपटात ठुमरीचे काही तुकडे पेरले. ते राजकुमारी, परवीन सुलताना आणि वाणी जयराम यांनी गायले. वाणीबाई तेव्हा मराठी घरांत ओळखीच्या झाल्या होत्या, वसंत देसाईंच्या चालीवर कुमार गंधर्वांबरोबर गायलेल्या 'ऋणानुबंधाच्या'मुळे. राजकुमारींची कहाणी वेगळी. अमरोहींच्याच 'महल'मध्ये (1949) त्या प्रमुख गायिकांपैकी एक होत्या. 'पाकिझा'च्या पार्श्वसंगीताच्या वेळी त्या नौशादांना कोरसमध्ये उभ्या असलेल्या दिसल्या. नौशादांना फार वाईट वाटलं आणि एक तुकडा त्यांनी राजकुमारींना एकटीने गायला दिला. चित्रपटात तो शेजारच्या कोठ्यावरून यावा तसा ऐकू येतो.

हे शेजारच्या कोठ्यावरचे आवाजच मला महत्त्वाचे वाटतात. कोठा म्हणजे एक बाई आणि तिचं एक गाणं नव्हे. तिथे थोरल्या असत, नवशिक्या असत, कुणी ठुमरीत तयार, कुणी नाचात, कुणी नुसती फिरकी घेण्यात. 'इन्हीं लोगों ने'च्या चित्रणात नायिकेच्या मागे बाजारातल्या कमानी-कमानींतून नाचणाऱ्या बायका दिसतात, पण मुजऱ्याच्या गाण्यांत आवाज ऐकू येतो तो एकट्या लताबाईंचा. गुलाम मोहम्मद यांच्या मनातला कोठा याहून गजबजलेला होता, याचा पुरावा 1977 मध्ये एचएमव्हीने काढलेल्या 'पाकिझा रंग-बरंग' या तबकडीत आहे. चित्रपटात न आलेली त्यांची गाणी तिच्यावर आहेत, आणि तिथे शमशाद बेगम आहेत, सुमन कल्याणपूर आहेत, मोहम्मद रफी आहेत, शोभा गुर्टू आहेत. लताबाईही आहेतच.

शमशाद बेगम यांचा खणखणीत, किंचित रांगडा आवाज ऐकला की कोठ्यावरची एखादी दांडगी, हजरजबाबी बाई समोर उभी राहते. चित्रपटाची नायिका साहिबजान हिच्या दुःखात या बाईला जागा नव्हती. सुमनताईंच्या गाण्यातलं मार्दव आपल्याला 'केशवा माधवा'मुळे परिचयाचं, पण इथे त्याला पूर्वेकडच्या दादऱ्याची लडिवाळ वळणं मिळाली आहेत.

आणि शोभा गुर्टू. त्या बेळगावात जन्मल्या, माहेरच्या भानुमती शिरोडकर. आई मेनकाबाई शिरोडकर पेशाने नर्तकी आणि अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकलेल्या गायिका. मेनकाबाईंना ठुमरी-दादरा शिकवायला उस्ताद घम्मन खाँ मुंबईत त्यांच्या घरी राहिले आणि लेकीलाही ती विद्या मिळाली. म्हणजे ज्या जगाची 'पाकिझा' ही कहाणी आहे, त्या जगाशी नातं सांगणारा, गोवा-कोकणच्या कलावंतिणींच्या परंपरेतून आलेला हा खरा गळा. शोभाताईंचं चित्रपटासाठीचं पहिलं गाणं 'पाकिझा'साठी झालं. पुढे 'फागुन' आणि 'मैं तुलसी तेरे आँगन की'मुळे हिंदी श्रोत्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं. त्यांच्या इथल्या गाण्यात बोल बनवण्याची जी रीत आहे, एकाच शब्दाला वेगवेगळ्या बाजूंनी उजेड दाखवण्याची, ती पार्श्वगायनात फार क्वचित ऐकायला मिळते. ते गाणं चित्रपटाबाहेर राहिलं, हे आपलं नुकसान आहे.

चित्रपटाच्या लांबीचा आणि गतीचा विचार करता अमरोहींनी निवड करणं भाग होतं, हे मान्य. साहिबजान एकटी आहे, तेव्हा तिला एकच आवाज हवा, हेही पटतं. तरी गुलाम मोहम्मद यांचं 'पाकिझा' ऐकायचं तर दोन्ही तबकड्या एकत्रच ऐकायला हव्यात, असं माझं ठाम मत आहे. पहिलीत एका बाईचं मन आहे, दुसरीत ती राहत होती तो मोहल्ला.

1973 च्या फिल्मफेअर पुरस्कारांत कला दिग्दर्शनाचा मान एन. बी. कुलकर्णी यांना 'पाकिझा'साठी मिळाला. संगीताचा पुरस्कार शंकर-जयकिशन यांच्या 'बेईमान'ला गेला. त्याच 'बेईमान'मधल्या भूमिकेसाठी प्राण यांना सहायक अभिनेत्याचा पुरस्कार जाहीर झाला होता. संगीताचा पुरस्कार गुलाम मोहम्मद यांचा होता, असं म्हणून प्राण यांनी स्वतःचा पुरस्कार नाकारला. ज्यांच्यासाठी हे घडलं त्यांना जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती.

'रंग-बरंग'मधली गाणी आज सहज मिळतात. या दिवाळीत तासभर काढा, आधी शोभाताईंचं गाणं लावा, मग शमशाद बेगम यांचं, आणि त्यानंतर ओळखीच्या 'ठाडे रहियो'कडे या.