एंडक्लिफ बागेतला स्मृतिस्तंभ

इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात पोर्टर नावाच्या ओढ्याकाठी एंडक्लिफ ही बाग आहे. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात ती खुली झाली. बागेतल्या उपाहारगृहामागे, चढावरच्या झाडीत एक साधासा दगड दिसतो. त्यावर दहा अमेरिकी वैमानिकांची आठवण कोरली आहे.

२२ फेब्रुवारी १९४४. ‘मी अमिगो’ हे बी-१७ जातीचं चार इंजिनांचं बॉम्बफेकी विमान डेन्मार्कमधल्या आल्बोर्गच्या विमानतळावरील मोहिमेहून परतत होतं. त्याचा तळ होता नॉर्थॅम्प्टनशरमधलं चेल्व्हस्टन, शेफील्डच्या बराच दक्षिणेला. जर्मन लढाऊ विमानांच्या माऱ्यानं ते जायबंदी झालं होतं. वाट चुकून संध्याकाळी पाचच्या सुमारास ते शेफील्डवर आलं आणि या झाडीत कोसळलं. दहाही जण ठार झाले.

त्या वेळी बागेतल्या मोकळ्या हिरवळीवर मुलं खेळत होती. सभोवार घरं. वैमानिक लेफ्टनंट जॉन क्रीग्सहाउझर यांनी मुलांना पाहून हिरवळ टाळली, असं शेफील्डकर मानतात. विमानातला एकही जण वाचला नसल्यानं याची साक्ष द्यायला कुणी उरलं नाही. मला मात्र या श्रद्धेपेक्षा तिच्यातून उपजलेली निष्ठा मोठी वाटते. जमिनीवर कुणालाही इजा झाली नाही, एवढं तर खरंच आहे. क्रीग्सहाउझर यांना मरणोत्तर ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ हा सन्मान मिळाला.

दगड बसायला मात्र १९६९ साल उजाडलं. तो बसवला ब्रिटिश हवाईदलाच्या माजी सैनिकांच्या स्थानिक संघटनेनं. परक्या देशाच्या पोरांसाठी आपल्या शहरात जागा राखणं, यातलं आपलेपण मला फार भावतं. जवळच अमेरिकी ओक वृक्षही लावले आहेत.

हिरवळीवरच्या त्या मुलांत आपणही होतो, असं सांगणारा एक जण म्हातारपणीही इथे येऊन झाडलोट करत, फुलं वाहत असे. २०१९ च्या जानेवारीत एका दूरचित्रवाणी निवेदकाशी त्याची बागेत गाठ पडली. वैमानिकांना विमानांची मानवंदना मिळावी, एवढंच त्याचं मागणं होतं. पंचाहत्तराव्या स्मृतिदिनी, २२ फेब्रुवारीला, ब्रिटिश आणि अमेरिकी हवाईदलांची विमानं बागेवरून गेली. पाहायला हजारो माणसं लोटली होती.

एरवी दरवर्षी २२ फेब्रुवारीच्या आसपासच्या रविवारी इथे स्मरणसभा भरते. शेफील्डला जाणं झालं तर तो दिवस साधावा.