अंगठा उमटला, की चौघांचं भाडं तुमचंच!

जून-जुलै आला की पुण्यात कोथरूड, कर्वेनगर, सदाशिव पेठेतल्या जिन्यांवरून गाद्या वर चढायला लागतात. मागून पुस्तकांची पोती, कूलर, आईने बांधून दिलेली लोणच्याची बरणी. रिकाम्या फ्लॅटमध्ये ओट्यावर लॅपटॉप मांडून एजंट उभा असतो. "अंगठा पुसून घ्या. जरा दाबून. परत एकदा!" इवल्याशा मशीनमधला लाल दिवा लागतो, वेबकॅमवर फोटो निघतो आणि पाच मिनिटांत करार होतो. त्या पाच मिनिटांत आपण काय काय कबूल केलं, हे बहुतेकांना अकरा महिन्यांनी कळतं. ते आधीच कळलेलं बरं.

मुळात तुम्ही भाडेकरू नाहीच

कागदावरचं शीर्षक वाचा: 'लिव्ह अँड लायसन्स'. म्हणजे परवानगी. १८८२च्या सुविधाधिकार कायद्याच्या ५२व्या कलमानुसार लायसन्समुळे दुसऱ्याची जागा वापरायची मुभा मिळते, जागेत हक्क तयार होत नाही. ही मुभा करारात ज्यांची नावं आहेत त्यांच्यापुरतीच. गावाकडचा मित्र परीक्षेसाठी दोन रात्री आला तर तो पाहुणा. तोच तीन महिने राहिला आणि भाड्यात वाटा देऊ लागला, तर घरमालक काकांना आधी विचारायलाच हवं. हॉलमध्ये जास्तीची गादी टाकून परस्पर 'कॉट बेसिस' सुरू करणं तर साफ बाद.

अकराच महिने का?

१९०८च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती टाळायला अकरा महिन्यांची वाट निघाली. महाराष्ट्रात मात्र ही वाट कधीच बंद झाली. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याचं ५५वं कलम सांगतं, की करार लेखी हवा आणि नोंदलेलाच हवा, मग मुदत कितीही असो. कारण गेलं, अकरा महिन्यांची सवय उरली.

नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. चुकवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यातही गंमत अशी, की नोंदणी नसताना अटींवरून वाद झाला, तर मालक उलट सिद्ध करेपर्यंत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरतात. तुमचं काम म्हणजे वेळेवर हजर राहणं, आधार-पॅन देणं आणि पोलिसांना कळवण्यासाठी लागणारी खरी माहिती पुरवणं.

खर्च? महिना २०,००० भाडं आणि ६०,००० डिपॉझिट असेल, तर मुद्रांक शुल्क पाचशे-सहाशेच्या घरात जातं, कारण दर फक्त पाव टक्का आहे. शहरात नोंदणी फी १,०००. एजंटने याच्या कितीतरी पट आकडा सांगितला, तर हिशेब मागा.

चौथा पळाला, आता?

हे कलम प्रत्येक फ्लॅटच्या फ्रिजवर चिकटवावं असं मला मनापासून वाटतं. चौघांनी मिळून सही केली, भाडं २०,०००, प्रत्येकी पाच. आपल्या डोक्यात असतं, माझे पाच दिले की मी सुटलो. १८७२च्या करार कायद्याचं ४३वं कलम वेगळंच बोलतं. करारात निराळं काही ठरलं नसेल, तर मालक चौघांपैकी कोणाही एकाकडे पूर्ण वीस हजार मागू शकतो. ज्याने भरले त्याने बाकीच्यांकडून त्यांचा वाटा वसूल करायचा. त्यातला एक देईना, तर त्याचा भार उरलेल्यांनी सारखा वाटून घ्यायचा.

आमच्या फ्लॅटमध्ये हे घडलं. चौथ्याला नोव्हेंबरात नोकरी लागली, तो बंगळुरूला गेला. उरलो तिघं. मेसच्या कार्डामागे पेन्सिलने मांडलेलं गणित मला अजून दिसतं: ५,००० भागिले ३, माणशी १,६६७ जास्त. आमच्यातल्या एकाला घरून महिन्याला मोजून आठ हजार यायचे. त्याने तो महिना रात्रीचं जेवण बंद केलं, आणि आम्हाला ते फार उशिरा कळलं. म्हणून सांगतो, जाणाऱ्याने किती दिवस आधी सांगायचं आणि बदली माणूस कोणी आणायचा, हे पहिल्याच आठवड्यात आपापसात लिहून ठेवा. दोस्ती त्याने तुटत नाही. मालकाने जाणाऱ्याला "जा बाबा" म्हटलं म्हणून राहणारे सुटत नाहीत, हेही ४४व्या कलमात आहे.

आणि एक: बारावी होऊन आलेला सतरा वर्षांचा पोरगा हा करार करूच शकत नाही. अठरा पूर्ण हवीत, नाहीतर आई-बाबांची सही.

काका बोलले ते गेलं, लिहिलं ते राहिलं

"रंगाचे पैसे नाही घेणार हो!" असं काका चहा पिताना म्हणाले असतील. पण भाडे नियंत्रण कायद्याच्या २४व्या कलमात लेखी लायसन्स करार त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला आहे. तेव्हा रंगाची कपात, लॉक-इन, नोटीसचा महिना हे सगळं शब्दन् शब्द वाचा. वापरातली साधी झीज तुमच्या माथी येऊ नये, ही अट करारात आहे का पाहा. डबल टेपने चिकटवलेला तक्ता ओढला, की पीओपीचा तळहाताएवढा पापुद्रा सोबत येतो. ती झीज नाही, ते नुकसान. तक्त्याला दोरी बांधा, पडद्याच्या दांडीला लटकवा.

याच कलमात आणखी एक काटा आहे. मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई.

परदेशी निघालेल्यांसाठी झटपट: जर्मनीत राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र हवं. इंग्लंडमध्ये वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल, तर डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. घरातले सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर तिथे कौन्सिल टॅक्सही माफ.

शेवटचा दिवस

महावितरणचं बिल मागाहून येतं, तोवर तुम्ही गावी पोहोचलेले असता. म्हणून निघताना मीटरच्या आकड्याचा फोटो काढा, प्रत्येक खोलीचा छोटा व्हिडिओ घ्या आणि दोन्ही काकांना व्हॉट्सअ‍ॅप करा. मग किल्ल्या द्या, मेसवाल्या मावशींकडे ठेवलेल्या डुप्लिकेटसकट.