एका घरातला धवला, तीन घरांत

पनवेलहून निघालं की गोव्याचा रस्ता पुण्याच्या जुन्या रस्त्यापासून जिथे वेगळा होतो, तो आमचा पळस्पे फाटा. नव्वदच्या दशकात केबलची काळी वायर झाडांवरून, पत्र्यांवरून उड्या मारत आमच्याकडे आली. केबलवाल्याच्या खोलीत एक व्हीसीआर, त्यात एक कॅसेट, आणि तोच सिनेमा एकाच वेळी सगळ्या घरांत! लांबच्या घरी मात्र टीव्हीवर मुंग्याच मुंग्या, कारण वायरीतून जाता जाता सिग्नल क्षीण होतो. पण मैत्रिणींनो, त्या वायरीतून नुसतं यायचं. आपल्या घरातलं काही दुसरीकडे पाठवायची सोय नव्हती.

मला पाठवायचा होता धवला. आगरी लग्नात धवलारीण विधी सांगत सांगत गाते ते हे गाणं. एकीच्या तोंडून दुसरीच्या तोंडी जाणारं. माझ्या सासूबाई धवलारीण होत्या. त्या गेल्या, आणि मागे उरली नणंदेच्या लग्नाची, १९९८ सालची व्हीएचएस कॅसेट. तेव्हाचे व्हिडिओवाले अख्ख्या लग्नावर सिनेमाची गाणी चढवत. नशीब, हळदीची ४० मिनिटं त्यातून सुटली! व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनी फुनाई, तिनेही २०१६ मध्ये ते काम थांबवलं. तेव्हा एका दुकानातून आम्ही ती कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतली.

नणंद उरणला, लेक पुण्याला. दोघींना हवी. लेकीला तर धवला शिकायचाच आहे. मोबाइलवरून धाडलं तर व्हिडिओ दाबून लहान होतो, चेहरे पुसट होतात. एका साइटवर खासगी म्हणून चढवला, तर मागे बँडवर वाजणारं सिनेमाचं गाणं त्यांच्या यंत्रानं ओळखलं आणि तेवढ्या भागाचा आवाजच बंद! अंगण आमचं, सासू माझी, आणि मुभा देणारा भलताच. मला काही हे पटलं नाही.

भाचा म्हणाला, “मामी, घरच घराला जोडू या की.” घरी हार्डडिस्कचा एक छोटा डबा, राउटरला जोडलेला. घरातल्या टीव्हीवर तो व्हिडिओ दाखवतो, त्याला इंटरनेटसुद्धा लागत नाही. अडचण येते उंबऱ्यावर. बऱ्याच इंटरनेट कंपन्या अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात, चाळीला एकच टपालपेटी असावी तसा. आतून गेलेल्या निरोपाचं उत्तर येतं. पण बाहेरून कुणी आपणहून आलं, तर ते कुठल्या खोलीचं हे कळत नाही. म्हणून दोन्ही घरचे डबे आतून एका मधल्या सर्व्हरला आपला ठावठिकाणा कळवतात, तो गाठ घालून देतो, आणि जमलं तर पुढे दोघे थेट बोलतात. तेही कुलूपबंद. लग्न जुळवणाऱ्यानं संसारात डोकावायचं नाही, तसंच!

नेट घेताना अपलोडचा वेग जरूर विचारा. लेकीनं पुण्यात बघायचं तर पळस्प्यातून बाहेर जाण्याचा वेग हवा ना! ५ एमबीपीएसचा व्हिडिओ तासाला सव्वादोन जीबी खातो. दोघी एकदम बघायला बसल्या की १० एमबीपीएस इथून बाहेर जायला हवेत. आणि आमच्याकडची वीज गेली की संपलंच. त्यापेक्षा तिन्ही घरी डबा ठेवला. रात्री डबे आपसांत ताळा करतात, नवीन असेल ते एकमेकांकडून घेतात. दिवसा जिनं तिनं आपल्याच घरचं बघायचं. बियाणं नाही का दोन-तीन घरी राखून ठेवत?

खरा वाद झाला पासवर्डवरून. तो आमच्या ह्यांच्या मोबाइलात होता. नणंद कडाडली, “आईचा आवाज ऐकायला मी भावाची परवानगी मागू?” आता तो तिन्ही घरी बायकांच्या वहीत आहे, मसाल्याच्या प्रमाणाशेजारी.

लेक व्हिडिओ थांबवून थांबवून शब्द उतरवतेय. एका ओळीत अडलीय. नणंद म्हणते, आई तिथे वेगळाच शब्द म्हणायची. दोघींचं फोनवर अजून भांडण चालू आहे.