चेरी नको, बांधावरचं गिरिपुष्प घ्या

मार्चअखेर जपानमधली गुलाबी झाडं मोबाइलवर झळकू लागली, की भालकी, बसवकल्याणपासून आळंदपर्यंत कुणाला ना कुणाला आपल्याही अंगणात एक चेरी हवीशी वाटते. रोप मागवता येतं. काही महिने तगतंही. फूल मात्र येत नाही, आणि त्यात पाणी घालणाऱ्याचा काही दोष नसतो.

शोभेची चेरी उन्हाळ्यातच पुढच्या बहराच्या कळ्या धरते आणि थंडीत झोपी जाते. साधारण ७ अंशांखालच्या गारठ्याचे शेकडो तास भरल्याशिवाय या कळ्या जाग्या होत नाहीत. बिदरचं पठार दोन हजार फुटांहून उंच. डिसेंबरात पहाटे शेकोट्या पेटतात खऱ्या, पण दुपारी अंगातला स्वेटर उतरतोच. तासांचा हिशेब कधी पुराच होत नाही. कलबुर्गी (जुनी मंडळी अजून गुलबर्गाच म्हणतात) त्याहून सखल. तिथे मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला, तरी कुणाला नवल वाटत नाही. भर म्हणून काळी जमीन: पावसाळ्यात पाणी धरून चेरीची मुळं कुजवणारी, उन्हाळ्यात हातभर भेगा पाडणारी.

भारतात चेरीचा बहर बघायचा, तर शिलाँगला जावं. तिथे फुलतो तो आयुर्वेदातला पद्मक, तोही नोव्हेंबरात. २०१६ पासून त्याचा महोत्सव भरतो. आपल्याकडे बेकरीच्या केकवर मिरवणारी लाल ‘चेरी’सुद्धा बहुतेकदा पाकवलेलं, रंगवलेलं करवंद असते.

मग अंगण गुलाबी करायचं कशानं? उत्तर बांधावर उभं आहे. हिरवळीच्या खतासाठी लावतात ते गिरिपुष्प, म्हणजेच ग्लिरिसिडिया. थंडी ओसरली की त्याची पानं गळतात आणि उघड्या फांदीला थेट फुलांचे घोस लगडतात. फूल हातात घेऊन बघा: वाटाण्याच्या फुलासारखी ठेवण, कडा फिकट गुलाबी, मध्ये पिवळसर ठिपका. हे झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. तिकडे कोकोला सावली देतं, म्हणून त्याला ‘कोकोची आई’ म्हणतात. बिया आणि साल उंदरांना विषारी असते. तेव्हा घरात लहान मूल असेल, तर शेंगा वेळीच काढून टाकाव्यात.

आणखी दोन झाडं लावण्याजोगी आहेत. कॅसिया बेकेरियाना हा आपल्या बहाव्याचा थायलंड-म्यानमारकडचा भाऊबंद. उन्हाळ्याच्या तोंडाशी गुलाबी फुलतो आणि फुलं पुढे पांढुरकी होतात. चेरीच्या सर्वांत जवळचा तोच. टॅबेबुया रोझिया बेंगळुरूच्या रस्त्यांवर आणि मुंबईत विक्रोळीजवळच्या महामार्गावर गर्दी खेचतो, पण तो पन्नास फुटांपर्यंत जातो. छोट्या अंगणात भिंतीलगत त्याला जागा देणं शहाणपणाचं नाही.

बिदरच्या जांभ्यात माती उथळ असते. म्हणून उन्हाळ्यातच तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा खणून कातळ फोडावा, शेणखत आणि गाळाची माती भरावी. काळ्या रानात उलट करावं: उंचवटा करून वर रोप लावावं, पाणी बाजूने निघून जाऊ द्यावं.

गिरिपुष्पाला एवढीही यातायात नको. मृगाचा पाऊस झाला की मनगटाएवढी जाड, चार-पाच फुटांची फांदी तिरपी छाटून हातभर खोल रोवायची. फांदी विकत घ्यावी लागत नाही. बांध असलेल्या ओळखीच्या शेतकऱ्याकडे मागा, तो छाटणी करणारच असतो.