नदी वाचण्याची विद्या

भोपाळ हे तलावांचे नगर आहे, हे आमच्या शाळेतील मुलांना नव्याने सांगावयास नको. अकराव्या शतकात राजा भोजाने कोलांस नदीस बांध घालून मोठा तलाव निर्माण केला, असे परंपरा सांगते. त्याच्या खालच्या अंगास १७९४ साली छोटा तलाव झाला. या दोन्ही तलावांची २००२ साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ भूमी म्हणून नोंद झाली. सकाळच्या प्रहरी या तलावांच्या काठाने जाणाऱ्यास पाण्यावर बाणासारख्या सरळ धावणाऱ्या अरुंद, लांबट होड्या दिसतात. ज्या होडीत खेळाडू पाय पुढे पसरून बसतो आणि दोन्ही टोकांस पाती असलेले वल्हे आळीपाळीने उजव्या-डाव्या बाजूस मारतो, ती कयाक. जी गुडघा टेकून एकाच पात्याच्या वल्ह्याने चालविली जाते, ती कॅनू. याच पाण्यावर सराव करून प्राची यादव हिने टोकियो येथील पॅरालिम्पिक स्पर्धेत भारताचे प्रतिनिधित्व केले, आणि २०२३ साली हांगचौ येथील आशियाई पॅरा क्रीडास्पर्धेत कयाकच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले.

तलावाचे पाणी संथ असते. तेथे कस लागतो तो बाहुबळाचा, दमाचा आणि तालाचा. परंतु हीच होडी जेव्हा आखूड व दणकट बांधणीची होऊन डोंगरातील नदीत उतरते, तेव्हा खेळाचे स्वरूपच पालटते. तेथे पाणी उभे राहत नाही. ते कोसळते, फेसाळते, खडकावर आदळून मागे फिरते. अशा नदीतून कित्येक दिवस, काठाला रस्ता नाही, वस्ती नाही, हाक मारली तर ओ देणारे कोणी नाही, अशा प्रदेशातून प्रवास करणारी माणसे जगात आहेत. त्यांचे साहस आंधळे नसते. त्याच्या मुळाशी एक शास्त्र आहे, आणि ते आमच्या वाचकांस समजावून द्यावे, हा या लेखाचा हेतू आहे.

कयाक ही उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ प्रदेशात राहणाऱ्या इन्युइट लोकांची देणगी होय. तेथे झाडे उगवत नाहीत. समुद्राने वाहून आणलेल्या लाकडांचा अथवा हाडांचा सांगाडा करावा, त्यावर सीलचे कातडे ताणून शिवावे, आणि मध्ये एका माणसापुरते भोक ठेवावे, अशी ती होडी. शिकारी त्या भोकात बसून कातड्याचे वस्त्र कमरेभोवती असे आवळून घेई की, आत पाण्याचा थेंबही शिरू नये. होडी उलटली तर बाहेर पडणे म्हणजे गोठून मरणे. म्हणून आत बसूनच वल्ह्याच्या व कमरेच्या हिसक्याने पुन्हा सरळ होण्याची युक्ती त्या लोकांनी साधली. आज कातड्याच्या जागी प्लास्टिक आले आहे. पण ती युक्ती हाच डोंगरी नदीतील कयाकचा पहिला धडा आहे.

आता नदीकडे वळू. खळाळते पाणी पांढरे का दिसते? उताराचे पाणी खडकांवर आपटते तेव्हा त्यात हवा मिसळते, आणि असंख्य बुडबुड्यांवरून प्रकाश चोहीकडे विखुरला जाऊन पाण्यास पांढरा रंग येतो. हा फेस दिसावयास मनोहर असला तरी त्याचा एक दोष आहे. त्यात हवाच अधिक असल्याने तो होडीस किंवा माणसास नुसत्या पाण्याइतका उचलून धरीत नाही. दुसरी गोष्ट वेगाची. एक घनमीटर पाण्याचे वजन १,००० किलोग्रॅम भरते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याच्या वाटेत येणाऱ्या वस्तूवरील जोर दुप्पट न होता चौपट होतो. गुडघाभर पाण्यात धडधाकट माणसाचे पाय का सुटतात, याचे उत्तर या हिशेबात आहे.

परंतु हे पाणी कितीही खवळलेले दिसले तरी ते बेशिस्त नसते. दोन खडकांमधून खोल पाणी निघते तेव्हा त्याच्या पृष्ठभागावर गुळगुळीत जिभेसारखी पट्टी उमटते, आणि तिचे निमुळते टोक प्रवाहाच्या दिशेने असते. ती वाट होय. हेच टोक उलट, वरच्या बाजूस, आपल्याकडे रोखलेले दिसले तर तेथे पाण्याखाली खडक दडला आहे असे जाणावे. मोठ्या खडकाच्या पाठीमागे पाणी मागे वळून संथपणे फिरत राहते. त्या आडोशास कयाकपटू धर्मशाळेसारखा थांबतो, दम घेतो आणि पुढची वाट न्याहाळतो. उंच पायरीवरून पाणी कोसळते, तेथे तळाशी ते उभ्या चक्रासारखे स्वतःभोवती गरगरते व सापडलेली वस्तू सहजासहजी सोडीत नाही. सर्वांत फसवे संकट म्हणजे प्रवाहात आडवे पडलेले झाड. त्याच्या फांद्यांतून पाणी गाळणीसारखे निघून जाते, आणि माणूस मात्र अडकून राहतो.

ही लिपी शिकावयाची उत्तम पाठशाळा आपल्या प्रांतातच आहे. अहिल्याबाई होळकरांच्या महेश्वरापासून थोड्या अंतरावर नर्मदा काळ्या खडकांच्या पठारावर शतधा फुटते. त्या ठिकाणास सहस्रधारा म्हणतात. माहिष्मतीचा राजा कार्तवीर्य अर्जुन याने आपल्या सहस्र बाहूंनी नर्मदा अडविण्याचा यत्न केला आणि ती त्या हातांमधून हजार धारांनी निसटली, अशी कथा तिकडे सांगतात. २०२३ सालच्या आरंभी मध्य प्रदेशात ‘खेलो इंडिया’ युवा क्रीडास्पर्धा झाल्या, तेव्हा याच धारांतून कयाक आणि कॅनू चालविण्याच्या शर्यती घेण्यात आल्या. या शर्यतीत पाण्यावर टांगलेल्या खांबांच्या जोड्यांमधून होडी न्यावी लागते. त्यांपैकी काही दारांतून तर प्रवाहाच्या विरुद्ध चढून जावे लागते. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील कोलाड येथे कुंडलिका नदीवर, आणि गोव्यात पावसाळ्यात सत्तरी तालुक्यातील म्हादईवर, रबरी तराफ्यांतून असा प्रवास घडतो. कुंडलिकेचे पाणी तर वीजनिर्मितीनंतर ठराविक वेळी सोडले जाते. त्यामुळे ते केव्हा चढेल हे आधीच ठाऊक असते.

अशा फेसाळ पाण्याच्या सहा श्रेणी मानतात. पहिली म्हणजे किरकोळ खळाळ. पाचवी निष्णातांनाही कठीण. आणि सहावी म्हणजे जेथे होडी चालविणे जवळजवळ अशक्य. मात्र यात एक मर्म आहे. रस्त्यालगतच्या नदीवरील चौथी श्रेणी आणि निर्जन अरण्यातील चौथी श्रेणी या दोन्ही एक नव्हेत. रस्त्यालगत हात मोडला तर दोन तासांत रुग्णालय गाठता येते. अरण्यात तोच हात सर्व तुकडीचा प्रवास संपवितो. होडीत धान्य, औषधे, झोपण्याचे साहित्य जलरोधक पिशव्यांत भरले की ती जड होते आणि हुकमास उशिराने वळते. म्हणून अनेक दिवसांच्या मोहिमेत माणूस आपल्या कौशल्याच्या टोकावर कधी खेळत नाही. काही शिल्लक मागे राखून ठेवतो.

याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे त्सांगपो नदी. तिबेटात त्सांगपो, अरुणाचल प्रदेशात सियांग आणि आसामात ब्रह्मपुत्रा अशी तीन नावे धारण करणारी ही एकच नदी. नामचा बारवा (७,७८२ मीटर) आणि ग्याला पेरी (७,२९४ मीटर) या दोन शिखरांच्या मधून ती वळसा घेते आणि अरुणाचलात येईपर्यंत दोन हजार मीटरांहून अधिक खाली उतरते. ही नदी एकच आहे काय, हेदेखील एकेकाळी कोडे होते. ते उकलण्यासाठी १८८० साली भारतीय सर्वेक्षण खात्याने सिक्कीमच्या किंथुप नावाच्या मनुष्यास पाठविले. सोबतच्या लामाने त्याला गुलाम म्हणून विकून टाकले. तेथून सुटून त्याने ठरल्याप्रमाणे खुणेचे ५०० ओंडके तयार केले, आणि रोज ५० याप्रमाणे ते त्सांगपोत सोडले, की खाली आसामात कोणी पाहणारा असेल. पण त्याचे पत्र योग्य हाती न पोहोचल्याने पाहणारा कोणीच नव्हता. चार वर्षांनी तो परतला. लिहिता-वाचता न येणाऱ्या या इमानी माणसाने सांगितलेली हकीकत बहुतांशी खरी होती, हे १९१३ साली बेली व मोर्सहेड यांनी त्या दरीत केलेल्या पाहणीने दिसून आले.

या दरीतून कयाकने जाण्याचे प्रयत्न पुढे झाले. १९९३ साली एक जपानी कयाकपटू तेथे बुडाला. १९९८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेची एक तुकडी उतरली. तिच्यातील मंडळी अननुभवी नव्हती. वर्षानुवर्षे त्यांनी एकत्र नद्या उतरल्या होत्या. पण त्या वर्षी पाऊस उदंड झाला होता, आणि नदी त्यांच्या अपेक्षेहून कितीतरी भरून वाहत होती. १६ ऑक्टोबर रोजी डग गॉर्डन हा निष्णात कयाकपटू एका पायरीवरून उतरताना उलटला, मुख्य धारेत ओढला गेला आणि पुन्हा दिसला नाही. सोबत्यांनी शोध घेतला व मोहीम तेथेच थांबविली.

२००२ साली स्कॉट लिंडग्रेन याच्या नेतृत्वाखाली सात कयाकपटू पुन्हा त्याच दरीत गेले. त्यांनी निवडला तो फेब्रुवारी महिना. पावसाचे पाणी ओसरलेले, वरचे बर्फ थंडीने गोठलेले, म्हणून नदी वर्षातील अगदी खालच्या पातळीवर. ज्या तोफेसारख्या पाण्याने आधीची तुकडी गाठली होती, ते पाणी तेव्हा नव्हते. तरीही प्रत्येक वळणापूर्वी ते काठावर उतरत, खडकांवर चढून पुढची धार पाहत, आणि मगच पाण्यात शिरत. जेथे धार अवघड दिसे तेथे होड्या खांद्यावर घेऊन खडकांतून वाट काढीत. हमालांची तुकडी पायवाटेने सामान नेत होती. वरच्या दरीचा मोठा भाग त्यांनी पार केला. परंतु पुढे मोठे प्रपात असल्याने त्यांनी नदी सोडली आणि बर्फाची खिंड चढून ते बाहेर आले. सबंध दरी त्यांनी पाण्यातून पार केली नाही, म्हणून त्यांच्या यशास उणेपणा येत नाही. सातही जण जिवंत परतले.

आमची मातृभाषा कोकणी. आमच्याकडे ओहोटीस ‘सुकती’ म्हणतात, आणि खाडीवरचा तांडेल भरती-सुकतीची वेळ पाहिल्यावाचून होडी लोटीत नाही. नाव हाकण्याचा प्रश्न त्याच्यापुढे कधी उभा राहत नाही. केव्हा हाकावी, हा राहतो. त्सांगपोच्या दोन मोहिमांमधील अंतर आम्हांस येथेच दिसते. वल्ह्याचे कसब दोन्हीकडे होते. पहिलीच्या वाट्यास भरलेली नदी आली, आणि दुसरीने पाणी उतरण्याची वाट पाहिली.

अशा तुकडीचे काही नियम आहेत. सर्वांनी एकदम धारेत शिरावयाचे नाही. एकजण उतरताना दुसरा खालच्या आडोशास फेकण्याची दोरी घेऊन सज्ज उभा राहतो. पाण्याच्या गर्जनेत आवाज पोहोचत नाही, म्हणून वल्ह्याने खुणा करतात: उभे धरलेले वल्हे म्हणजे ‘ये’, आडवे धरलेले म्हणजे ‘थांब’. ज्याला धार नको वाटते त्याने काठाने चालावे. त्याबद्दल कोणी त्यास हसत नाही. आणि होडीतून बाहेर फेकला गेलेला मनुष्य वेगवान पाण्यात उभा राहू पाहत नाही. तळाच्या दगडांत पाऊल अडकले तर प्रवाह त्यास पालथा पाडून दाबून धरतो. म्हणून उताणे होऊन, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे करून वाहत राहावे, आणि संधी मिळताच तिरके पोहत काठ गाठावा.

विद्यार्थी मित्रहो, त्सांगपो तुमच्यापैकी क्वचितच कोणी पाहील. परंतु पाणी आपल्या घराशेजारी आहे. १३ सप्टेंबर २०१९ रोजी पहाटे गणेशविसर्जनाच्या वेळी छोट्या तलावात खटलापुरा घाटाजवळ नाव उलटली आणि ११ जण बुडाले. तेथे ना प्रपात होता, ना खडक. संथ तलाव होता, घाट जवळ होता. पण त्यांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. हिमालयातील निष्णात कयाकपटू जे जाकीट घातल्यावाचून पाण्यास स्पर्श करीत नाही, ते घरच्या तलावात आपल्याला अनावश्यक वाटते, ही किती विचार करण्यासारखी गोष्ट आहे! घरोघरी गणपती बसविणाऱ्या आपल्या कुटुंबांनी तर हे विसरता कामा नये.

तेव्हा नावेत पाय ठेवण्यापूर्वी जाकिटाचे बंद आवळले आहेत ना, नावेत माणसे किती बसली आहेत, आणि नाविक काय सांगतो, हे पाहण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. पोहावयास शिकावे, पण पोहता येते म्हणून अनोळखी डोहात उडी घेऊ नये. पावसाळ्यात नाल्यावर पाणी चढले असेल तर ते ओसरेपर्यंत अलीकडे थांबावे. कोणी भित्रा म्हणाले तर म्हणू द्यावे. जगातील अत्यंत अवघड नदीत उतरलेल्या सात वीरांनी जेथे पाणी त्यांना ‘थांब’ म्हणाले, तेथे होड्या खांद्यावर घेतल्या, हे त्यास शांतपणे सांगावे.