आपल्या घराण्याचा शोध

तुम्हांला तुमच्या आजोबांचे नाव नक्कीच ठाऊक असेल. पणजोबांचे नाव विचारले, तर काही जण थोडे थांबतील. आता आणखी एक प्रश्न विचारतो. तुमच्या आजीच्या आईचे नाव काय होते? ती मूळची कोणत्या गावची? या प्रश्नाचे उत्तर देणारे विद्यार्थी एका वर्गात फार थोडे निघतात.

राजे, नवाब आणि पेशवे यांचा इतिहास आपण पुस्तकातून शिकतो. पण आपले पूर्वज राजे नव्हते. कोणी शेतकरी होते, कोणी विणकर, कोणी खलाशी, तर कोणी शिक्षक. त्यांचा इतिहास कोणत्याही पुस्तकात छापलेला नाही. मग तो नाहीसा झाला काय? नाही. तो जुन्या कागदांत आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींत विखुरलेला असतो. तो कसा गोळा करावा, हे या पाठात पाहू.

शोधाची सुरुवात घरापासून करावी. घरातील सर्वांत वयस्कर माणसाजवळ वही घेऊन बसावे. दादा, दादी, नाना, नानी यांना प्रश्न विचारावेत. तुमचा जन्म कोठे झाला? घरी कोणते काम चालत असे? या गावात आपण केव्हा आणि का आलो? त्यांना तारखा आठवणार नाहीत. पण ‘मोठा दुष्काळ पडला त्या साली’ किंवा ‘देश स्वतंत्र झाला त्याच्या आदल्या वर्षी’ असे ते नक्की सांगतील. तेही लिहून घ्यावे. मालेगाव आणि भिवंडी येथील अनेक विणकर कुटुंबांत, आपले वाडवडील १८५७ नंतर उत्तरेकडून आले, अशी हकीकत सांगतात. कोकणातील पुष्कळ घरांत जहाजावर नोकरी केलेल्या आजोबांच्या गोष्टी ऐकायला मिळतात. हे काम लवकर करायला हवे. कागद शंभर वर्षे टिकू शकतो, माणूस तेवढा टिकत नाही.

त्यानंतर घरातील जुनी पेटी उघडावी. तिच्यात निकाहनामा, जुनी पत्रे, जमिनीची सनद, भाड्याच्या पावत्या, नोकरीचे दाखले असे कागद सापडतात. काही घरांत मुलांच्या जन्माची तारीख आणि वेळ पवित्र ग्रंथाच्या पहिल्या किंवा शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवण्याची पद्धत होती. छायाचित्रे मिळाली, तर त्यांची मागची बाजूही पाहावी. तेथे कधी गावाचे नाव, कधी साल लिहिलेले असते.

घरातील कागद संपले, की सरकारी नोंदींकडे वळावे. पहिली जागा म्हणजे शाळा. जुन्या शाळेत विद्यार्थ्यांची एक मोठी नोंदवही असते. तिला जनरल रजिस्टर म्हणतात. तिच्यात मुलाचे नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, जन्मगाव आणि शाळा सोडल्याचे कारण लिहिलेले असते. मात्र येथे एक गंमत लक्षात ठेवावी. जुन्या पिढीतील कितीतरी लोकांची जन्मतारीख १ जून आहे. ते सगळे एकाच दिवशी जन्मले होते काय? तसे नाही. पालकांना खरी तारीख ठाऊक नसे. शाळा जूनमध्ये सुरू होत असे. म्हणून गुरुजी अंदाजाने वय ठरवून १ जून ही तारीख लिहून टाकत.

दुसरी जागा म्हणजे जन्ममृत्यूची नोंद. आजची नोंदणी १९६९ च्या कायद्यानुसार होते. पण त्याआधीही नगरपालिका आणि गावकामगार अशा नोंदी ठेवत असत. तिसरी जागा म्हणजे महसूल खाते. तुमच्या कुटुंबाची शेती असेल, तर सातबारा उतारा तुम्हांला माहीत असेल. त्याच्याइतकीच उपयोगी गोष्ट म्हणजे फेरफार. जमीन एका नावावरून दुसऱ्या नावावर गेली, की त्याची नोंद फेरफारात होते. खातेदार मरण पावला, की त्याच्या वारसांची नावे लिहितात. अशा नोंदीत त्याची पत्नी आणि मुली यांची नावेही सापडू शकतात. एरवी ही नावे कोठे दिसत नाहीत.

याहून मागे जायचे असेल, तर जुन्या सरकारी कागदांचे संग्रह पाहावे लागतात. त्यांना पुराभिलेखागार म्हणतात. मुंबईच्या दप्तरखान्याची स्थापना १८२१ मध्ये झाली. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे. तेथे जुने कागद कापडात बांधून ठेवतात. अशा गाठोड्याला ‘रुमाल’ म्हणतात. पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आहेत. इतिहासकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यांतील निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध केले.

हे जुने मराठी कागद मोडी लिपीत लिहिलेले आहेत. ती लिपी शिकावी लागते. पण उर्दू जाणणाऱ्या विद्यार्थ्याला या कागदांतील भाषा फारशी परकी वाटणार नाही. दप्तर, सनद, इनाम, वारस, तारीख हे शब्द त्याच्या ओळखीचेच आहेत. फडणवीस आणि चिटणवीस या आडनावांच्या शेवटी असलेला ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. एवढेच नव्हे, तर मराठी कागदांत सालाचे आकडेसुद्धा अरबी शब्दांत लिहीत. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ असे साल एखाद्या पत्रात दिसते. इसन्ने म्हणजे दोन, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. बेरीज केली, की ११७२ होतात. या सालाला सुहूर सन म्हणतात. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले, की इसवी सन मिळतो. म्हणजे ते पत्र १७७१-७२ मधील आहे. हिजरी सनाचा हिशेब मात्र वेगळा आहे. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. म्हणून तेथे एकच आकडा मिळवून चालत नाही, कोष्टक पाहावे लागते.

आता तुम्ही विचाराल, दोन कागदांत दोन वेगळ्या तारखा सापडल्या तर कोणती खरी मानायची? समजा, एका आजोबांची जन्मतारीख शाळेच्या नोंदीत १ जून १९३१ आहे. घरातील ग्रंथाच्या कोऱ्या पानावर मात्र ‘रमजान १३४८ हिजरी’ असे लिहिलेले आहे. कोष्टकात पाहिले, तर तो रमजान १९३० च्या फेब्रुवारी महिन्यात आला होता. शाळेतील तारीख काही वर्षांनी, अंदाजाने लिहिलेली आहे. ग्रंथातील नोंद जन्माच्या वेळी, घरातल्याच माणसाने केलेली असेल, तर ती अधिक विश्वासाची ठरते. जी नोंद घटनेच्या जवळच्या काळात आणि घटना पाहणाऱ्याने केली, तिला जास्त वजन द्यावे, हा इतिहासकारांचा नियम आहे.

नावांच्या बाबतीतही सावध राहावे. एकाच गावात, एकाच काळात, एकाच नावाची चार माणसे असू शकतात. लिहिणाऱ्या कारकुनाने एकच नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हेने लिहिलेले असू शकते. म्हणून नुसते नाव जुळले, की आपला पूर्वज सापडला, असे समजू नये. नाव, वडिलांचे नाव आणि गाव या तिन्ही गोष्टी जुळल्या, म्हणजेच ती नोंद आपल्या वहीत उतरवावी. जे नक्की नाही, त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह करावे.

सरकारी नोंदींतून आपल्याला नाव, गाव आणि तारीख मिळते. पण ती माणसे कशी होती? ती कशाने हसत, कशाने रडत? हे नोंदवहीत सापडत नाही. त्यासाठी पत्रे आणि रोजनिशी हवी. या बाबतीत मुंबईच्या तय्यबजी घराण्याचे उदाहरण फार सुंदर आहे.

तय्यब अली (१८०३-१८६३) हे या घराण्यातील मोठे व्यापारी. त्यांनी आपल्या आयुष्याची हकीकत मागे ठेवली. पुढे कायद्याचे विद्वान असफ फैजी यांनी ती संपादित करून प्रसिद्ध केली. तय्यब अलींचे पुत्र बद्रुद्दीन तय्यबजी (१८४४-१९०६) यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. १८८७ च्या मद्रास येथील काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. मुंबईत १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम ही शिक्षणसंस्था सुरू करणाऱ्यांमध्येही ते होते. १८९५ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. या गोष्टी सरकारी कागदांत आहेतच. पण या घराण्याने आणखी एक गोष्ट केली. त्यांच्या निरनिराळ्या घरांत मोठ्या वह्या ठेवलेल्या असत. त्यांना ‘अखबार की किताब’ म्हणत. घरातील कोणीही त्या वहीत लिहावे, अशी रीत होती. प्रवास, आजारपण, लग्न, पाहुणे, सहली अशा रोजच्या गोष्टी त्यांत लिहिल्या जात. या वह्या बऱ्याच अंशी उर्दूत आहेत. विशेष म्हणजे घरातील स्त्रियाही त्यांत लिहीत. ज्या काळात सरकारी कागदांवर स्त्रियांची नावे क्वचितच येत, त्या काळातील स्त्रियांचे शब्द या वह्यांमुळे आपल्यापर्यंत पोहोचले. याच घराण्याशी नाते असलेल्या अतिया फैजी १९०६ मध्ये शिक्षणासाठी लंडनला गेल्या. तेथून त्यांनी बहिणींना रोजची हकीकत लिहून पाठवली. पुढे तिचे ‘जमाना-ए-तहसील’ नावाचे उर्दू पुस्तक झाले.

या वह्या कोणी इतिहास म्हणून लिहिल्या नव्हत्या. आज काय घडले, एवढेच लिहिले होते. शंभर वर्षांनंतर त्यांनाच मोल आले. अभ्यासक आता त्या वह्या वाचून त्या काळचे घर, शिक्षण आणि स्त्रियांचे जीवन समजून घेतात.

आपल्या घरात कदाचित अशी वही नसेल. पण एखादे पोस्टकार्ड, एखादे हिशेबाचे पुस्तक असेल. घर बदलताना किंवा रंग देताना जुने कागद रद्दीत जातात. काही वाळवी खाते, काही पावसात भिजतात. आजोबांची पत्रे ज्या लिपीत आहेत, ती नातवाला वाचता येत नाही, म्हणूनही ती टाकून देतात. मग वारसाहक्कासाठी, दाखल्यासाठी किंवा शिष्यवृत्तीसाठी पन्नास वर्षांपूर्वीचा पुरावा लागतो, तेव्हा सगळे घर शोधत बसते. म्हणून जुना कागद टाकण्यापूर्वी जाणत्या माणसाला दाखवावा. तो कोरड्या जागी, घडी न करता ठेवावा. त्याला चिकटपट्टी लावू नये. आता मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढणे सोपे आहे. तेही काढून ठेवावे. मात्र दुसऱ्याच्या घरचे कागद त्यांच्या परवानगीशिवाय कोणाला दाखवू नयेत. शोध घेताना एखादी दुःखाची किंवा कमीपणाची वाटणारी गोष्टही सापडेल. कोणी कर्जात बुडाले असेल, कोणी लहानपणीच गेले असेल. ती लपवून खोटा मोठेपणा लिहू नये. ते दिवस सोसून त्यांनी घर चालवले, म्हणूनच आज आपण आहोत.

तर मग आजच एक कोरी वही घ्या. पहिल्या पानावर स्वतःचे नाव, जन्मतारीख आणि गाव लिहा. त्याच्यावर आईवडिलांची आणि त्यांच्या आईवडिलांची नावे लिहा. आईकडच्या आणि वडिलांकडच्या, दोन्ही बाजूंची लिहा. जेथे नाव ठाऊक नसेल, तेथे जागा मोकळी ठेवा. मग संध्याकाळी दादीजवळ किंवा नानीजवळ जाऊन बसा आणि तिला तिच्या आईचे नाव विचारा. कितीतरी वर्षांत तिला हा प्रश्न कोणी विचारला नसेल. ती नाव सांगेल, आणि नावाबरोबर आणखी पुष्कळ काही सांगेल. ते सगळे लिहून घ्या आणि खाली त्या दिवसाची तारीख घालायला विसरू नका.