एका कळीसरशी उघडणारी वही

दुकानात गिऱ्हाईक उभे आहे, उधारीची यादी संगणकात आहे; पण ती नेमकी कोणत्या फोल्डरात ठेवली, हेच आठवत नाही. दिवसातून दहा-वीस वेळा लागणारी फाइल दर वेळी शोधण्याचा हा ताप विंडोज संगणकावर पाच मिनिटांत संपविता येतो. त्यासाठी खर्च नाही. मात्र त्यातील एक धोका आधीच समजून घेणे इष्ट.

साध्या मजकुराच्या फायलींसाठी ‘नोटपॅड प्लस प्लस’ हा मोफत संपादक सोयीचा आहे. डॉन हो यांनी तो २००३ मध्ये प्रसिद्ध केला. एकाच खिडकीत अनेक फायली टॅबच्या रूपाने उघडणे, हे त्याचे वैशिष्ट्य. तो आधीपासून सुरू असल्यास शॉर्टकटवरून मागविलेली फाइलही त्याच खिडकीत येऊन बसते.

शॉर्टकट म्हणजे प्रत्यक्ष फाइल नव्हे, तर कोणता प्रोग्रॅम सुरू करायचा आणि त्याच्या हाती काय द्यायचे, हे सांगणारी छोटी चिठ्ठी. डेस्कटॉपवरील मोकळ्या जागी राइट क्लिक करून ‘न्यू’ आणि मग ‘शॉर्टकट’ निवडावे. पुढे येणाऱ्या चौकटीत आधी संपादकाचा पत्ता, एक मोकळी जागा आणि नंतर फाइलचा पत्ता द्यायचा असतो. संपादक सहसा सी ड्राइव्हमधील ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये सापडतो. दोन्ही पत्ते दुहेरी अवतरणचिन्हांत हवेत. अन्यथा नावातील मोकळ्या जागेपाशी पत्ता तुटतो आणि भलतीच फाइल शोधली जाते. हे टंकनाचे कष्टही टाळता येतात. शिफ्ट कळ दाबून फाइलवर राइट क्लिक केले की ‘कॉपी अ‍ॅज पाथ’ हा पर्याय दिसतो. त्यातून अवतरणचिन्हांसह पूर्ण पत्ता मिळतो.

आता शॉर्टकटच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘शॉर्टकट की’ या रकान्यात एखादे अक्षर दाबावे. विंडोज त्याला कंट्रोल आणि आल्ट या कळींची जोड आपोआप देते. शॉर्टकट डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूमध्ये असेपर्यंत ही जोडी चालते. मात्र काही कळफलकांच्या मांडणीत उजवी आल्ट कळ अक्षरे उमटविण्यासाठी असते आणि कंट्रोल-आल्टची जोडीही तेच काम करते. अशा वेळी एखादे अक्षर हरवू नये म्हणून वापरात नसलेली कळ निवडावी.

गेल्या वर्षीच्या हिशेबाची फाइल केवळ पाहायची असेल, तर प्रॉपर्टीजमधील ‘टार्गेट’ रकान्यात दोन पत्त्यांच्या मध्ये आडवी रेघ आणि तिला जोडून लहान लिपीतील इंग्रजी ‘आर’ व ‘ओ’ ही अक्षरे लिहावीत. दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडावी. फाइल ‘केवळ वाचनासाठी’ उघडते. चुकून कळ दाबली गेली, तरी जुन्या आकड्याला धक्का लागत नाही. रेघेपुढे ‘एन’ आणि ओळीचा क्रमांक दिल्यास फाइल थेट त्या ओळीवर उघडते.

आता तो धोका. फाइलचे नाव बदलले किंवा ती दुसऱ्या फोल्डरात हलविली, तरी चिठ्ठीत जुनाच पत्ता राहतो. जुना फोल्डर जागेवर असेल, तर संपादक ‘फाइल नाही, नवी तयार करू का’ असे विचारतो. घाईत ‘हो’ म्हटले, की समोर कोरे पान येते आणि सारी उधारी पुसली गेल्याचा भास होतो. वास्तविक जुनी यादी नव्या जागी सुरक्षित असते. पण ते ध्यानात न आल्यास नव्या नोंदी कोऱ्या फायलीत सुरू होतात आणि एका हिशेबाच्या दोन वह्या होतात. म्हणून तो प्रश्न दिसताच ‘नाही’ म्हणावे, फाइल शोधावी आणि टार्गेटमधील पत्ता दुरुस्त करावा.

शेवटी, शॉर्टकट पुसला तरी फाइल जात नाही आणि शॉर्टकटची नक्कल केली तरी फाइलची प्रत होत नाही. पेनड्राइव्हवर जपून ठेवायची ती मूळ फाइल, चिठ्ठी नव्हे.